जागा कुठे गेली? : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

मोबाइलवर ‘स्टोरेज भरले आहे’ अशी पाटी आली की आपण बहुतेक सगळे एकच करतो. फोटो उघडायचे, चार-दोन नकोसे फोटो पुसायचे आणि गाडी पुढे ढकलायची. आठवड्याभरात पाटी परत हजर! नेमकी जागा खाल्ली कोणी, याचा शोध घ्यायला फारसं कोणी बसत नाही. माझ्या नोकरीत मात्र तो घ्यावाच लागतो. सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली की त्यावरचे प्रोग्रॅम एकेक करून अडू लागतात. मग मध्यरात्री का होईना, कोणीतरी उठून पाहतं की ही जागा गेली कुठे.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा आठवणींवर लिहिणारे पुष्कळ असतील, असं वाटलं. म्हणून मी या शोधाचा इतिहास लिहायला घेतला. विषय यंत्राचा वाटतो, पण खरा इतिहास एकाच जागेत दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांचा आहे. बाक एक आणि बसणारे तिघे, हे गणित आपल्या वर्गात आपण दहा वर्षं सोडवलंच आहे. संगणकवाल्यांनी तेच वेगळ्या तऱ्हेने सोडवलं.

सुरुवात १९५६ पासून करू. त्याआधी कार्यालयांतली बरीचशी माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर असे. कार्डांचे गठ्ठे, गठ्ठ्यांचे खण, खणांची कपाटं. कपाट भरलं की ते भरलेलं दिसायचं. कोणत्या खात्याने किती कपाटं अडवली आहेत, हे तिथल्या शिपायालाही सांगता आलं असतं. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचं यंत्र जाहीर केलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने ते घडवलं होतं. त्याच्या साठवणीच्या भागात ५० तबकड्या एकावर एक बसवलेल्या होत्या. प्रत्येक तबकडीचा व्यास २४ इंच, म्हणजे लग्नघरातल्या मोठ्या परातीएवढा. वजन एक टनाच्या वर. या सगळ्यात मावायची ५० लाख अक्षरं, आजच्या भाषेत पाच एमबीच्या आत-बाहेर. यंत्रणा भाड्याने मिळायची आणि भाडं होतं महिन्याला ३,२०० डॉलर. आपल्या स्नेहमेळाव्यात आज जो एक ग्रुप फोटो निघेल, तो एकटाच ते टनभर यंत्र जवळजवळ भरून टाकेल.

ही जगातली पहिली व्यापारी हार्ड डिस्क. तिने माहिती पटकन सापडण्याची सोय केली, पण एक गोष्ट हिरावूनही घेतली. कपाट डोळ्यांना दिसत होतं. डिस्क रिकामी असो की भरलेली, बाहेरून सारखीच दिसते. तिचं वजन वाढत नाही, ती फुगत नाही, तिचं दार लागेनासं होत नाही. ‘जागा कुठे गेली?’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाला. पुढची पन्नास वर्षं जी साधनं निघाली, ती सगळी एका परीने ते हरवलेलं कपाट पुन्हा डोळ्यांसमोर आणण्याची खटपट आहे.

आता अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल प्रयोगशाळेत जाऊ. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही मंडळी तिथे युनिक्स घडवत होती. आजचे बहुतेक सर्व्हर, अँड्रॉइड फोन आणि आयफोन या सगळ्यांच्या पोटात याच युनिक्सचे वंशज किंवा त्याच्या वळणावर लिहिलेल्या प्रणाली आहेत. १९७१ साली त्यांच्याकडे पीडीपी-११ नावाचा संगणक होता. त्याची स्मृती २४ केबी आणि डिस्क अर्ध्या एमबीची. एवढ्याशा यंत्रावर दोन बिऱ्हाडं नांदत होती. कंपनीच्या पेटंट विभागातले तीन टंकलेखक दिवसभर त्यावर पेटंटचे अर्ज टाइप करत आणि त्याच वेळी युनिक्सची मंडळी आपले प्रयोगही त्यावरच करत. रिची यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की टंकलेखकांचं काही तासांचं काम झालं की डिस्कवर जागा उरत नसे आणि जुना मजकूर चुंबकीय टेपवर काढून ठेवावा लागे. स्वयंपाकघर एवढंसं असलं की पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरीची पानं मांडता येत नाहीत, तसलाच हा प्रकार.

म्हणूनच युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेत, जिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, दोन छोट्या आज्ञा सापडतात. एक डीएफ आणि दुसरी डीयू. डीएफ सांगते की डिस्कवर मोकळी जागा किती उरली. डीयू एखाद्या फोल्डरमध्ये शिरते, त्याच्या आतल्या फोल्डरमध्ये शिरते, त्याच्याही आतल्या, आणि अशी तळापर्यंत जाऊन प्रत्येकाने किती जागा घेतली याची बेरीज देते. एक आज्ञा बँकेतली शिल्लक सांगणारी, दुसरी घरखर्चाची वही. शिल्लक कमी आहे हे कळून खर्चाचा पत्ता लागत नाही. त्यासाठी वहीच उघडावी लागते. पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी या दोन आज्ञा त्याच नावांनी चालू आहेत. मीही त्या वापरतेच.

जागेच्या टंचाईच्या खुणा युनिक्सच्या रचनेतही राहून गेल्या आहेत. प्रोग्रॅम ठेवायला त्यात एक मुख्य फोल्डर आहे आणि त्याच नावाचा आणखी एक फोल्डर दुसऱ्या एका फोल्डरच्या आत आहे. एकाच कामाला दोन जागा कशाला, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत उत्तर आहे: पहिला फोल्डर लहान राहावा म्हणून. मुख्य डिस्क लहान असायची, म्हणून कमी लागणारं सामान दुसरीकडे. माळ्यावर टाकलेल्या पिंपासारखं. पुढे डिस्क हजारो पटींनी मोठ्या झाल्या, पण माळा जिथल्या तिथे राहिला. आता कुठे नव्या प्रणालींनी ते दोन फोल्डर एकत्र करायला घेतले आहेत.

याच काळातला एक प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. युनिक्समध्ये एकाच फाइलला दोन ठिकाणांहून दोन नावं देता येतात. फाइल एक, नावं दोन. मान दोघांना सारखाच. समजा एकाने फाइल तयार केली. दुसऱ्याने तिला आपल्याकडूनही एक नाव जोडलं. मग पहिल्याने आपलं नाव काढून टाकलं. नोंदीत मालक अजून पहिलाच आहे, पण फाइल जिवंत आहे ती दुसऱ्यामुळे. आता जागेचं भाडं कोणाच्या खात्यावर घालायचं? रिची आणि थॉम्पसन यांनी १९७४ साली युनिक्सवर जो प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला, त्यात या पेचाला चांगला परिच्छेदभर जागा दिली आहे. मालकाकडून घेणं अन्यायाचं. जितक्यांची नावं जोडलेली आहेत, त्यांच्यात सारखं वाटून घेणं त्यातल्या त्यात बरं. आणि तूर्तास युनिक्स कोणाकडूनच भाडं घेत नाही, त्यामुळे प्रश्न टळला आहे, असं त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं. सामाईक विहिरीचं पाणी कोणाच्या नावावर मांडायचं, हा आपल्या गावोगावच्या भाऊबंदकीतला प्रश्न बेल प्रयोगशाळेतही सुटला नव्हता!

हा पेच जुना झालेला नाही. विंडोजमध्ये विनएसएक्सएस नावाचा एक फोल्डर असतो. त्याचा आकार पाहून अनेकजण घाबरतात आणि तो पुसायच्या मागे लागतात. खरं तर त्यातल्या पुष्कळ फायली विंडोजच्या इतर फोल्डरमधल्याच आहेत. फाइल एक आणि नावं दोन. आकार मोजणारा प्रोग्रॅम तीच फाइल दोन्हीकडे धरतो आणि फोल्डर आहे त्याहून लठ्ठ दिसतो. युनिक्सच्या डीयूने सुरुवातीच्या काळातच दोन नावांची फाइल एकदाच मोजायचा नियम पाळला होता. तेव्हा त्या फोल्डरला हाताने हात लावू नका. विंडोजमध्ये डिस्क साफ करायची जी सोय दिलेली आहे, ती वापरा.

मोजणीतली दुसरी गोम फायलीच्या आकाराची. डिस्कवरची जागा सुटी मिळत नाही, ठरावीक मापाच्या खणांत मिळते. सुरुवातीच्या युनिक्समध्ये खण ५१२ बाइटचा होता. फायलीत एकच अक्षर असलं तरी अख्खा खण तिच्या नावावर. आपल्यापैकी ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संगणक आला, त्यांच्या नकळत हा प्रकार त्यांच्या घरातही चालू होता. तेव्हाच्या विंडोजमध्ये फॅट-१६ नावाची पद्धत होती. एक ते दोन जीबीच्या डिस्कवर तिचा खण ३२ केबीचा असे. एक केबीचं पत्र लिहून ठेवलं तरी जागा जायची ३२ केबी. बारीकसारीक हजारो फायली असल्या की डिस्कचा मोठा हिस्सा असा अर्धवट भरलेल्या खणांतच संपायचा. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ आलं. त्यात आठ जीबीपर्यंतच्या डिस्कला खण चार केबीचा झाला. तीच डिस्क, त्याच फायली, आणि जागा मात्र एकदम वाढल्यासारखी. आजही विंडोजमध्ये फायलीची माहिती उघडली की दोन आकडे दिसतात, फायलीचा आकार आणि डिस्कवर व्यापलेली जागा. ते वेगळे का असतात, त्याचं उत्तर हेच.

एकत्र राहणाऱ्यांच्या भांडणावर दुसरा उपाय म्हणजे हद्द आखणं. बाकावर खडूने रेघ मारून ‘कोपर इकडे आलं तर बघ’ असा दम आपण सगळ्यांनी कधी ना कधी दिला आहे. युनिक्समध्ये ही रेघ १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत आली. तिच्यामागचं काम ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या रॉबर्ट एल्झ यांचं. विद्यार्थी शेकड्यांनी आणि डिस्क मोजक्या, त्यामुळे विद्यापीठांना ही गरज सगळ्यात आधी जाणवली. त्यात प्रत्येकाला दोन मर्यादा होत्या. पहिली ओलांडली की ताकीद मिळायची आणि आवरायला थोडी सवलत असायची. दुसरी ओलांडताच यायची नाही. लिहिणं तिथेच थांबायचं. ईमेलचा डबा भरत आला की आधी सूचना येते आणि नंतर पत्रं येणंच बंद होतं, ती रीत याच घराण्यातली.

रेघेने भांडण थांबतं, पण जागा कुठे गेली ते रेघ सांगत नाही. आणि डीयूची आकड्यांची यादी वाचायला चिकाटी लागते. हजार फोल्डर असले तर हजार ओळी. कोणता फोल्डर कोणाच्या पोटात आहे, ते मनात धरून ठेवायचं आणि आकड्यांची तुलनाही मनातच करायची. यादी खरी असते, पण ती डोळ्यांत भरत नाही.

ही अडचण १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्यापुढे उभी राहिली. माणूस आणि संगणक यांच्यातल्या देवाणघेवाणीचा अभ्यास करणारी त्यांची प्रयोगशाळा होती. तिथे ८० एमबीची एक हार्ड डिस्क १४ जण मिळून वापरत होते. डिस्क भरली. कोणी भरली, कोणत्या फायलींनी भरली, ते समजेना. फोल्डरांची रचना झाडासारखी असते. खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. झाडाचं चित्र काढायला जावं तर कागदभर रेषा होतात, त्यांच्यामधली बरीच जागा रिकामी जाते आणि कोणती फाइल मोठी ते तरीही दिसत नाही. श्नायडरमन यांनी बऱ्याच आकृत्या करून पाहिल्या. युक्ती सुचली ती विभागातल्या चहा-कॉफीच्या खोलीत.

युक्ती अशी. सगळा पडदा म्हणजे पूर्ण डिस्क. मुख्य फोल्डर जितके असतील तितक्या उभ्या पट्ट्यांत तो वाटायचा. ज्याचा आकार मोठा त्याची पट्टी रुंद. मग प्रत्येक पट्टी तिच्या आतल्या फोल्डरांत आडवी वाटायची. त्यांच्या आतलं पुन्हा उभं. उभं-आडवं करत शेवटच्या फायलीपर्यंत जायचं. पडद्यावरचा एकही कोपरा वाया जात नाही आणि प्रत्येक फायलीचा चौकोन तिच्या आकाराच्या प्रमाणात असतो. सातबाऱ्याचे आकडे वाचण्याऐवजी गावाचा नकाशा समोर धरावा, तसं. किती वाटण्या झाल्या आणि कोणाच्या वाट्याला काय आलं, ते नजरेसरशी कळतं. ही पद्धत लिहायला त्यांना सहा ओळी पुरल्या, पण ती कायम बरोबर चालेल याची स्वतःची खात्री पटायला काही दिवस लागले. ब्रायन जॉन्सन या त्यांच्या विद्यार्थ्याने मॅकिंटॉशवर ‘ट्रीव्हिझ’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९२ मध्ये श्नायडरमन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. या आकृतीला ट्रीमॅप म्हणतात. मराठीत आपण तिला ‘वृक्ष-नकाशा’ म्हणू.

पहिल्या नकाशात एक उणीव होती. वाटण्या करत गेलं की काही चौकोन दोऱ्यासारखे बारीक आणि लांबच लांब होत. त्यांची तुलना करणं डोळ्यांना जड जाई. ती उणीव नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रविद्यापीठात भरून निघाली. यार्के फान वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रत्येक चौकोनाला उशीसारखी उठावदार छटा दिली, म्हणजे शेजारचे चौकोन वेगळे ओळखू येतात. २००० मध्ये त्यांनी वाटणीची रीतच बदलली, म्हणजे चौकोन शक्य तितके चौरसासारखे होतात. त्यांचा सिक्वोयाव्ह्यू हा प्रोग्रॅम लोकांना फुकट मिळत होता. त्याच वळणावर लिनक्ससाठी केडिरस्टॅट आला आणि २००३ मध्ये विंडोजसाठी विनडिरस्टॅट. हा शेवटचा आजही मोफत मिळतो. रंगीबेरंगी गोधडीसारखं चित्र समोर येतं. जो तुकडा सगळ्यात मोठा त्यावर टिचकी मारली की फायलीचं नाव आणि ठिकाण कळतं. घरातल्या संगणकाची डिस्क भरली असेल तर सगळ्यात आधी तो चालवून पाहा. तासभर चालणारी शोधाशोध बहुधा काही मिनिटांत आटोपते.

हा नकाशा डिस्कपुरता राहिला नाही. १९९८ मध्ये मार्टिन वॅटनबर्ग यांनी स्मार्टमनी या अर्थविषयक नियतकालिकासाठी शेअर बाजाराचा असाच नकाशा केला. कंपनी जितकी मोठी तितका तिचा चौकोन मोठा. भाव चढला की हिरवा, उतरला की लाल. आपल्यातल्या शेअर बाजारवाल्यांनी निफ्टीच्या कंपन्यांचे हिरवे-लाल चौकोन मोबाइलवर पाहिले असतील. १४ जणांच्या एका भरलेल्या डिस्कची ती पुढची पिढी आहे.

नकाशातही न दिसणारी जागा असते, तीही सांगायला हवी. कधी कधी डीएफ म्हणते डिस्क भरली आणि डीयूची बेरीज म्हणते की अर्धी मोकळी आहे. दोन्ही खरं बोलत असतात. युनिक्समध्ये फाइल पुसली की तिचं नाव जातं, पण एखादा प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल तर तो तिला सोडेपर्यंत जागा सुटत नाही. डीयू नावांवरून फिरते, म्हणून तिला ती फाइल सापडत नाही. डीएफ खण मोजते, म्हणून तिला ते अडलेले दिसतात. हजेरीपटावरून नाव कमी झालं, पण मुलगा अजून वर्गात बसलेलाच आहे! असे बसलेले हुडकायला पर्ड्यू विद्यापीठाच्या व्हिक एबेल यांनी लिहिलेला एलसॉफ नावाचा प्रोग्रॅम आहे. कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल धरून बसला आहे, याची यादी तो देतो. घरच्या संगणकावर असं काही वाटलं तर तो एकदा बंद करून चालू करावा. धरून बसलेले सगळे उठतात आणि जागा मोकळी होते.

इथवरची गोष्ट अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया अशी फिरली. शेवटचा टप्पा मात्र आपल्या घरात आहे. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने भारतात ‘फाइल्स गो’ नावाचं ॲप आणलं, मोबाइलमधली जागा मोकळी करून देणारं. भारतातले फोन इतके का भरतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना कारण सापडलं ते सकाळच्या शुभेच्छांचं. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, वाफाळता चहा आणि सुविचार! जानेवारी २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने ही बातमी छापली. मेमरी कार्ड बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटल कंपनीचा हवाला देऊन त्यात म्हटलं होतं की भारतात तीनपैकी एका स्मार्टफोनधारकाची जागा दररोज संपते, तर अमेरिकेत दहापैकी एकाची. त्या ॲपमध्ये असे शुभेच्छांचे फोटो वेगळे काढून एकदम पुसण्याची सोय होती. मोबाइलच्या जगात जागेचा शोध घेण्याचं एक मोठं कारण आपल्यासारख्यांचे ग्रुप ठरले, ही गोष्ट आपल्या ग्रुपवर रोज पहाटे पाच वाजता फूल पाठवणाऱ्या मित्राने अभिमानाने सांगायला हरकत नाही.

गंमत सोडली तर इथे १९७४ चा तो पेच उलटा होऊन समोर येतो. युनिक्समध्ये फाइल एक होती आणि नावं दोन. ग्रुपवर फोटो एक असतो आणि त्याच्या प्रती जितके सदस्य तितक्या, प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळी. पाठवणाऱ्याला एका बोटाचं काम, भाडं मात्र सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये भरायचं. म्हणून ग्रुपमधल्या फोटो-व्हिडिओंचं आपोआप उतरणं बंद ठेवावं, हवं ते टिचकी मारून घ्यावं. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये साठवणुकीचं पान आहे. कोणत्या गप्पांनी किती जागा घेतली आणि सगळ्यात मोठे व्हिडिओ कोणते, ते तिथे मोठ्यापासून लहानाकडे लावलेलं मिळतं. डीयूचाच हा नातू.

या सगळ्या इतिहासातून मी एक गोष्ट शिकले. डीएफ, डीयू, वृक्ष-नकाशा, फोनमधलं पान, सगळे एकच माप सांगतात, आकाराचं. स्नेहमेळाव्याच्या दिवशी कोणीतरी मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढेल. तो साधारण १०० एमबीच्या आसपास जाईल. नकाशात तो ठळक चौकोन असेल. त्याच फोनमध्ये कोणाच्या तरी वडिलांचा दहा सेकंदांचा व्हॉइस मेसेज असेल, ‘पोचलीस का गं, फोन कर’ एवढाच. तो जेमतेम २०-२५ केबीचा. वडील आता नसतील. नकाशात तो चौकोन दिसणारही नाही, टाचणीच्या टोकाएवढाही नाही. देवनागरी मजकुराचं तर विचारूच नका. संगणकात आपलं एक अक्षर बहुधा तीन बाइट घेतं, तरी हा अख्खा लेख ५० केबीच्या आत मावतो.

नकाशाचा उपयोग म्हणूनच नीट करायला हवा. तो मोठ्या चौकोनांकडे बोट दाखवतो आणि नेमके तेच चौकोन पुसून जागा मिळते. दोनदा उतरवलेला चित्रपट, जुन्या प्रोग्रॅमच्या फायली, तेच फोटो तीन ठिकाणी. ते पुसले की लहान गोष्टींना हात लावायची वेळच येत नाही. ‘एक वर्षाहून जुनं सगळं पुसा’ असं एखादं ॲप सुचवतं, तेव्हा मात्र थांबावं. जुनं आणि लहान, या दोन खुणा असलेल्या फायलींनी जागा फारशी अडवलेली नसते, आणि आपलं पुष्कळसं आयुष्य त्यांच्यातच असतं.

आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे संगणक किंवा त्यांच्या काढून ठेवलेल्या डिस्क माळ्यावर असतील. त्या काळी स्कॅन केलेले फोटो दोनशे-तीनशे केबीचे असत. निरोप समारंभ, सहल, विज्ञान प्रदर्शन, मैदानावरचा लेझीमचा सराव, आणि मागे फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाई. भंगारात देण्याआधी त्या डिस्क एकदा जोडून पाहा. बंद पडून राहिलेली डिस्क कायम चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. जे सापडेल त्याच्या दोन प्रती करा, एक आपल्याकडे आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या वर्गमित्राकडे. जोडणीची केबल कोणती घ्यायची, ते जमत नसेल तर मला फोन करा, मी सांगेन.

सर आणि बाईंना एक विनंती. तुमच्याकडे आमच्या वर्गाचं काही असेल, एखादं निबंधाचं पान, निकालपत्रकाची प्रत, संमेलनाचा कार्यक्रम, तर ते आम्हाला स्कॅन करू द्या. एकेक पान चार-पाचशे केबीचं होईल. सगळं मिळून मेळाव्यातल्या एका व्हिडिओइतकीही जागा लागणार नाही.